माघीला बंद, आषाढीला चालू : जुन्या स्मार्टफोनच्या एका घरगुती बॅटरीचे प्रकरण

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे आमच्या बोळात राहणारे अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून तीसेक वर्षे काम करून निवृत्त झाले. माघीला आणि आषाढीला ते आपल्या दिंडीबरोबर तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा या वाटेने पंढरपूरला चालत जातात. मुलाने घेऊन दिलेला नवा फोन ते वारीला नेत नाहीत, कारण गर्दीत तो हरवला तर मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न त्यांना चार्जिंगच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. त्यामुळे २०१२ साली घेतलेला, मागचे झाकण काढता येणारा एक जुना स्मार्टफोन त्यांनी वारीसाठी राखून ठेवला आहे. त्यात अँड्रॉइडची ४.१ ही आवृत्ती असल्याने ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपही चालत नाही, पण गाथेची मोठ्या अक्षरांतली पाने, हरिपाठाचे ध्वनिमुद्रण आणि घरी करायचा एखादा फोन एवढीच त्यांची गरज आहे.

या फोनच्या दोन अडचणी होत्या. त्याची १६५० मिलीअँपिअर-तासांची (हे बॅटरीच्या साठवणक्षमतेचे माप) मूळ बॅटरी फुगली होती. टेबलावर ठेवून बोटाने ढकलली की ती भोवऱ्यासारखी फिरे, आणि बॅटरी बाद झाल्याची याहून सोपी खूण नाही. दुसरी अडचण अधिक निर्णायक होती. चार्जिंगचे सॉकेट वारंवार ओढाताण होऊन बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडले होते, आणि ते पुन्हा बसवायला जागाच उरली नव्हती. 'एवढा खटाटोप कशाला, पॉवर बँक घ्यायची', असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. मीही प्रथम तेच म्हणालो होतो. परंतु सॉकेटच नसलेल्या फोनला पॉवर बँक निरुपयोगी असते. बाजारातून आणलेल्या एका बदली बॅटरीवर मूळ बॅटरीपेक्षा मोठा आकडा छापलेला होता. मी ती मोजली तेव्हा तिच्यातून ९०० मिलीअँपिअर-तासही निघाले नाहीत. जुन्या फोनच्या बदली बॅटऱ्या बऱ्याचदा वर्षानुवर्षे दुकानात पडून अर्ध्या मेलेल्या असतात, आणि छापील आकड्याला कोणी जामीन नसतो.

अण्णांनी मला न विचारताच पहिली बॅटरी बनवली. ती फेब्रुवारी २०२४ च्या माघी वारीत बंद पडली, तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे आले. मी यंत्रमागांच्या मोटारींचे पॅनेल दुरुस्त करतो. बॅटरी हा माझा रोजचा विषय नाही, पण मोजमापाची साधने माझ्याकडे होती.

अण्णांची पहिली बॅटरी

भंगारातून आणलेली लॅपटॉपची बॅटरी फोडून अण्णांनी त्यातले सेल काढले होते. अशा सहा सेलच्या बॅटरीत दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या असतात, म्हणून तिच्यावर ११.१ व्होल्ट आणि ४४०० मिलीअँपिअर-तास असे आकडे छापलेले असतात. म्हणजे एकेक सेल नवा असताना ३.७ व्होल्टचा आणि २२०० मिलीअँपिअर-तासांचा. या दंडगोल सेलला १८६५० म्हणतात, कारण त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. अण्णांनी दोन सेल शेजारी-शेजारी, म्हणजे धन टोकाला धन आणि ऋण टोकाला ऋण असे जोडले होते, आणि ते बरोबर होते: या जोडणीत व्होल्टेज तेवढेच राहते आणि क्षमता वाढते. एकापुढे एक लावले असते तर ७.४ व्होल्टने फोन तत्काळ गेला असता. फोनच्या मूळ बॅटरीवरही ३.७ व्होल्ट आणि चार्जिंगची मर्यादा ४.२ व्होल्ट असे छापलेले असल्याने या सेलशी तिचा मेळ आपोआप बसला, हा योगायोगच म्हणायचा, कारण त्यानंतरच्या कित्येक फोनांच्या बॅटऱ्या ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात आणि तिथे १८६५० पूर्ण भरूनही थोडा कमी पडतो.

बॅटरीच्या जागी बसवण्यासाठी त्यांनी केलेला ठोकळा पाहून मात्र मी थक्क झालो. मागावर आडवा धागा नेणाऱ्या जुन्या धोट्याचे लाकूड तासून, मूळ बॅटरीच्या मापाचा, कानसकामात कुठेही उणीव नसलेला तुकडा त्यांनी बनवला होता आणि त्यात पितळी पट्ट्या अशा बसवल्या होत्या की त्या फोनच्या टोकांवर नेमक्या टेकत. धोट्याचे लाकूड घट्ट, गुळगुळीत आणि आर्द्रतेने फारसे न फुगणारे असते; यापेक्षा चांगला पदार्थ मलाही सुचला नसता. ठोकळ्यापासून सेलपर्यंत जुन्या हेडफोनची तार होती. सेल चिकटपट्टीने बांधून, अण्णांच्या पत्नीने टॉवेलच्या कापडाची जी पिशवी शिवली होती तिच्यात घातलेले होते आणि ती पिशवी कमरेला बांधायची होती.

'घरात तर चांगलं चालायलंय की. रस्त्यावरच का बंद पडायलंय?' हा अण्णांचा प्रश्न होता. माचणूरच्या आसपास घरून फोन आला, तो उचलताक्षणी यंत्र बंद झाले. पुन्हा चालू केले तर साठ टक्के बॅटरी शिल्लक दिसे, आणि दहा मिनिटांनी तीच गत. सेल कमी पडत असतील अशा समजुतीने वारीहून परतल्यावर त्यांनी तिसरा सेल जोडला होता. बोळात सगळे ठीक चालले, पण कामतीला कामासाठी गेले तेव्हा फरक शून्य.

दोष कुठे होता

मी अण्णांना विचारले की नुसता हरिपाठ लावून, विमान मोडमध्ये, फोन कधी बंद पडला का. कधीच नाही, असे उत्तर आले, आणि तिथेच निम्मे निदान झाले. टू-जी जाळ्यावर बोलताना फोन सतत प्रक्षेपण करीत नाही. ४.६ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेऱ्यातील एक-अष्टमांश वेळ, म्हणजे सुमारे ५७७ मायक्रोसेकंद, तो सर्व जोर लावून संदेश पाठवतो आणि उरलेला वेळ गप्प राहतो. टॉवर जवळ असेल तर हा जोर थोडा असतो. टॉवर दूर असेल, तर टॉवरच फोनला जोर वाढवायला सांगतो आणि त्या क्षणापुरता प्रवाह दोन अँपिअरच्या घरात जातो. अशोक चौकात टॉवर डोक्यावर आहेत. कामती ते माचणूर या पट्ट्यात ते तसे नाहीत.

हेडफोनची तार आवाजासाठी असते, प्रवाहासाठी नव्हे. तिच्यातल्या तांब्याचा छेद ०.०४ चौरस मिलिमीटरच्या आसपास धरला तर एका मीटरला सुमारे ०.४३ ओहम रोध येतो. अण्णांची तार जाऊन-येऊन साठ सेंटिमीटर होती, म्हणजे ०.२६ ओहम, त्यात पीळ देऊन केलेल्या जोडांचा रोध धरून ०.३ ओहम. दोन अँपिअरला या तारेतच ०.६ व्होल्ट खर्च होतात. सेलजवळ ३.८५ व्होल्ट असताना फोनला ३.२५ व्होल्ट दिसतात, आणि बॅटरी संपली असे समजून तो स्वतःला बंद करून घेतो. पुन्हा चालू केल्यावर, प्रक्षेपण थांबलेले असल्याने, त्याला साठ टक्के दिसतात. तिसरा सेल जोडल्याने काही बदलले नाही, कारण अडचण विहिरीत नव्हती, पाइपात होती.

हा हिशेब कागदावर होता. तो खरा ठरवणे भाग होते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, पाचशे मायक्रोसेकंदांची बुडी त्याला दिसत नाही. म्हणून व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारा, पॅनेलच्या कामासाठी घेतलेला जुना ऑसिलोस्कोप ठोकळ्याच्या पट्ट्यांना लावला. माझ्या दुकानात टॉवरचा संदेश उत्तम असल्याने बुड्या किरकोळ दिसल्या. दूरच्या टॉवरची परिस्थिती दुकानातच निर्माण करण्यासाठी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला, फोन त्यात ठेवून तारा बाहेर येतील एवढी फट राखून झाकण लावले आणि त्याच्यावर फोन केला. पडद्यावर दर ४.६ मिलिसेकंदांनी ३.२ व्होल्टच्या आसपास जाणाऱ्या खोल बुड्या उमटल्या, आणि तिसऱ्या घंटीला फोन बंद झाला. अण्णांना त्या पडद्यावरच्या रेषा मागावरच्या तुटलेल्या ताण्यासारख्या, म्हणजे उभ्या धाग्यांसारख्या, दिसल्या.

तारेचा दोष सापडला, परंतु बॅटरी पाहता पाहता दुसरी गोष्ट समोर आली, आणि ती मला अधिक गंभीर वाटली. फोनच्या बॅटरीला धन आणि ऋण यांच्याखेरीज आणखी एखादे-दोन टोके असतात. या फोनच्या तिसऱ्या टोकामागे तापमान ओळखणारा थर्मिस्टर होता: २५ अंशांना त्याचा रोध सुमारे १० किलो-ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो घटतो. अण्णांनी हे टोक प्रथम मोकळे ठेवले, तेव्हा फोन सुरूच झाला नाही. मग त्यांनी ते ऋण टोकाला जोडले. रोध शून्य म्हणजे आग लागल्याएवढी उष्णता, असा अर्थ लावून फोनने बॅटरी तापल्याची सूचना दिली. शेवटी कुणीतरी त्यांना १० किलो-ओहमचा साधा रेझिस्टर, म्हणजे तापमानाने न बदलणारा रोध, दिला, आणि फोन निमूट चालू लागला. या उपायाने फोनला कायमचे सांगितले गेले की बॅटरी २५ अंशांवर आहे, मग ती प्रत्यक्षात ६० अंशांवर का असेना. त्यात भर म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीतून सुट्या काढलेल्या सेलवर संरक्षणाचे सर्किट नसते, कारण ते संपूर्ण बॅटरीसाठी मिळून एकच असते. थोडक्यात, किल्ल्यांचा जुडगा किंवा टाळाची कडी टोकांवर पडली असती तर चाळीस-पन्नास अँपिअरचा प्रवाह अडवायला अण्णांच्या कमरेजवळ फक्त चिकटपट्टी होती. तारेच्या बारीकपणामुळे फोन बंद पडला, म्हणून तरी हे सारे उघडकीस आले.

नवी बांधणी

मी अण्णांना अट घातली की ठोकळा त्यांचा राहील, बाकी सगळे नव्याने होईल.

सहापैकी दोन सेल २ व्होल्टच्याही खाली गेलेले होते. इतक्या खाली फार दिवस राहिलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळते आणि पुन्हा भरताना ते भलत्या ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. ते जिवंत करण्याचा मोह मी टाळला. उरलेले चार ४.२ व्होल्टपर्यंत भरून दहा दिवस नुसते ठेवले. एक सेल काहीही न करता ४.०५ व्होल्टवर उतरला, तो बाद केला. या दहा दिवसांत अण्णा रोज संध्याकाळी येऊन, 'झालं का रे?' विचारत, आणि मी रोज नाही म्हणत असे. पण सेल निवडताना वाट पाहण्याला पर्याय नाही. उरलेल्या तिघांना अर्ध्या अँपिअरने रिकामे करून मोजले तेव्हा १९१०, १८७० आणि १५४० मिलीअँपिअर-तास भरले. पहिले दोन घेतले. बेरीज ३७८०, म्हणजे जवळपास १४ वॅट-तास. मूळ बॅटरी नवी असताना ६.१ वॅट-तासांची होती.

दोन्ही सेल पूर्ण भरून, व्होल्टेज समान झाल्याची खात्री करून मगच जोडले, कारण एक भरलेला आणि एक रिकामा सेल शेजारी जोडला तर भरलेला रिकाम्यात बेबंद प्रवाह ओततो. सेलवर सोल्डरिंगची तापलेली सुई टेकवू नये. आतला पडदा आणि टोकाचे सील उष्णतेने बिघडते. आपल्याकडे ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे क्षणभर मोठा प्रवाह देऊन पट्टी चिकटवण्याचे, यंत्र असते. अशाच एकाकडून निकेलची पट्टी जोडून घेतली. त्याआधी प्रत्येक सेलच्या धन टोकाभोवती इन्सुलेशनची चकती बसवली. अनेकांना ठाऊक नसते की १८६५० चे संपूर्ण भांडे, अगदी धन टोकाच्या खांद्यापर्यंत, ऋण असते. वरचे प्लास्टिकचे वेष्टन घासून फाटले आणि धन पट्टी खांद्याला टेकली की शॉर्ट झालाच.

संरक्षणासाठी डीडब्ल्यू०१ या चिपची छोटी पट्टी लावली. सेल ४.३ व्होल्टच्या वर गेला, २.४ व्होल्टच्या खाली उतरला किंवा प्रवाह भलताच वाढला तर ती जोडणी तोडते. तिच्यापुढे तीन अँपिअरचा फ्यूजही घातला. हेडफोनच्या तारेऐवजी अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार, एका बाजूला बारा सेंटिमीटर. हिचा जाऊन-येऊन रोध ०.०१ ओहमही भरत नाही.

थर्मिस्टर मात्र नेमका मिळेना. फुगलेल्या बॅटरीचे तिसरे टोक मी २५ आणि ४५ अंशांना मोजले होते. दुसरा आकडा सुमारे ४.८५ किलो-ओहम होता. बाजारात मिळालेला १० किलो-ओहमचा थर्मिस्टर ४५ अंशांना ४.३५ किलो-ओहम दाखवत होता. म्हणजे सेल ४५ अंशांवर असताना फोनला तो ४८ अंशांवर वाटणार. चूक तीन अंशांची होती, पण सावधगिरीच्या बाजूची. म्हणून ती तशीच ठेवली आणि थर्मिस्टर दोन सेलच्या मधल्या खाचेत चिकटवला.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ चे तयार मॉड्यूल वापरले. ते सेलला ४.२ व्होल्टपर्यंत जास्तीत जास्त एका अँपिअरने भरते आणि प्रवाह दशांशावर आला की थांबते. याच कारणाने भरताना फोन बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण फोन स्वतःच शंभर मिलीअँपिअर ओढत राहिला तर मॉड्यूलला सेल भरल्याचे कधी कळणारच नाही. या स्वस्त मॉड्यूलमध्ये तापमान पाहण्याची पिन ऋण बाजूला (ग्राउंडला) जोडून निकामी केलेली असते, म्हणजे चार्जिंगच्या वेळी पहारा कोणाचाच नसतो. सगळे सामान प्रवासी साबणाच्या डबीत बसवले आणि ती डबी फोनच्या पाठीवर चिकटवली. टॉवेलच्या पिशवीला मी नकार दिला. तो ऊब धरतो, आणि सेलला ऊब नको असते. घरात यावरून माझ्याविषयी थोडी नाराजी होती.

फोन आता विटेसारखा दिसू लागला. सेलच नव्वद ग्रॅमचे झाले, जुनी बॅटरी तीसेक ग्रॅमची होती.

मे महिना आणि आषाढी

डब्यातली चाचणी पुन्हा केली तेव्हा बुड्या उथळ झाल्या होत्या आणि फोन अर्धा तास बोलत राहिला. घरच्या वापरात, म्हणजे दोन तास वाचन, बराचसा हरिपाठ आणि चार-सहा फोन धरून, बॅटरी एकतीस तास चालली. टक्केवारीचा आकडा मात्र बेभरवशाचा ठरला: तो साठ आणि चाळीसच्या दरम्यान तासन्‌तास रेंगाळे आणि वीसच्या खाली आला की झरझर उतरे. सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहते, आणि फोनचा अंदाज वेगळ्याच बॅटरीवर बेतलेला होता. अण्णांना मी आकडा न पाहता रोज भरायला सांगितले.

खरी परीक्षा मे महिन्याने घेतली. सोलापूरचा मे चाळिशीच्या पुढचा असतो आणि माझे दुकान पत्र्याचे आहे. दुपारी चार्जिंग चालू असताना डबीतल्या सेलला लावलेला तापमापक ४७ अंशांवर गेला. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर भरू नयेत, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. मी तार काढली. मॉड्यूल स्वतःच एक वॅटहून अधिक उष्णता टाकते आणि ते सेलला खेटून बसवण्याची चूक माझी होती. डबी उघडून ते विरुद्ध कोपऱ्यात हलवले, दोन्ही बाजूंना भोके पाडली आणि भरण्याचा नियम ठरला: रात्री जेवणानंतर, सावलीत, गादीवर किंवा उशीखाली नाही, आणि माणूस जागा असेपर्यंतच. एका अँपिअरने साडेचार तास लागत असल्याने हा नियम अण्णांच्या झोपेवर आला, तो त्यांनी पाळला.

जुलै २०२४ च्या आषाढीला फोन चारही मुक्काम चालला. दुसऱ्या दिवशी कामतीच्या पुढे पाऊस लागला, आणि मंगळवेढ्यात फोन दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. अण्णांनी तारेचीच शंका धरून मला फोन केला, त्याच फोनवरून. मी ठोकळा काढून पट्ट्या पाहायला सांगितल्या. घाम आणि पाऊस यांनी पितळेवर हिरवा थर धरला होता. दिंडीतल्या एका शाळकरी मुलाच्या खोडरबराने त्या घासल्या आणि पुढे पंढरपूरपर्यंत तक्रार आली नाही. मूळ बॅटऱ्यांच्या टोकांवर सोन्याचा मुलामा का असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी पितळ मी तसेच राहू दिले होते. परतल्यावर एका बाद बॅटरीची मुलाम्याची टोके ठोकळ्यात बसवली.

दिंडीतल्या आणखी चौघांना अशी बॅटरी हवी होती. मी नाही म्हणालो. अण्णा भरताना जागे राहतात, पट्ट्या पुसतात, डबी गरम लागली तर मला दाखवायला येतात. इतरांच्या कमरेला काय होईल, याची जबाबदारी मला घेता येणार नव्हती. त्यांच्यापैकी दोघांच्या फोनचे सॉकेट चांगले होते, त्यांना पॉवर बँक घ्यायला सांगितले.

बाद झालेले चार सेल आणि फुगलेली बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. वापरातले दोन सेल दर सहा महिन्यांनी डबीतून काढून मोजायचे ठरले आहे. पहिली मोजणी नोव्हेंबरमध्ये झाली: १८५० आणि १८२०. कोणताही एक पंधराशेच्या खाली गेला, किंवा दोघांत दोनशेचा फरक पडला, तर दोन्ही बदलायचे. पुढच्या मोजणीचा महिना अण्णांनी डबीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवला आहे.